शॉवरच्या तक्रारी आणि घरच्या घरी दुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शॉवरचं पाणी कमी झालं की बरेच जण सरळ नवं शॉवर हेड आणतात. ते बसवल्यावर पाणी तितकंच येतं, कारण दोष हेडमध्ये नव्हताच. म्हणून या पानावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: आधी दोष कुठे आहे ते शोधा, मग खर्च करा. त्यासाठी फार हत्यारं लागत नाहीत. एक पाना, टेफ्लॉन टेपची गुंडाळी, जुना टूथब्रश, थोडं व्हिनेगर आणि अर्धा तास पुरतो.

शॉवरचं पाणी पूर्वीसारखं जोरात येत नाही. दोष नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं?

शॉवर हेड काढा आणि नुसत्या आर्ममधून पाणी सोडून बघा. आर्म म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला वाकडा पाइप. त्यातून जाड, भरदार धार पडली तर पाइप, नळ, टाकी सगळं ठीक आहे आणि दोष हेडमध्येच आहे. ते साफ केलं की बहुतेक वेळा काम होतं. उघड्या आर्ममधूनही पाणी रडतखडतच येत असेल, तर हेड कितीही घासा, फरक पडणार नाही. मग मागे मागे जायचं: शॉवरचा नळ, मिक्सरच्या (गरम आणि गार पाणी मिसळणाऱ्या नळाच्या) आतली जाळी, बाथरूमचा मुख्य कॉक, टाकीचं आउटलेट.

आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. फक्त गरम पाणी कमी येतं की गारही? फक्त गरम कमी असेल तर संशय गीझरवर, त्याच्या इनलेटच्या जाळीवर किंवा गरम पाण्याच्या पाइपात साठलेल्या क्षारांवर. आणि जोर फक्त शॉवरला कमी आहे की बेसिनच्या नळालाही? सगळीकडे कमी असेल तर शॉवरला दोष देण्यात अर्थ नाही.

अंदाजापेक्षा माप बरं. 10 लिटरची बादली शॉवरखाली ठेवा आणि भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. एक मिनिट आणि पाच-दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला साधारण 9 लिटर पाणी येतं, ते आंघोळीला उत्तम. दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला तर काहीतरी अडलं आहे किंवा दाब कमी आहे. हा आकडा लिहून ठेवा. साफसफाईनंतर पुन्हा मोजलं की खरंच फरक पडला का ते कळतं.

हेड काढायला गेलो तर ते हलतच नाही. जोर लावू का?

आंधळा जोर नको. आर्मचे आटे भिंतीच्या आतल्या फिटिंगमध्ये बसलेले असतात. हेड फिरवताना आर्मही सोबत फिरला, तर आतला सांधा ढिला होऊन भिंतीत गळती सुरू होऊ शकते. जुना, गंजलेला आर्म आतल्या आत मोडूही शकतो, आणि मग काही मिनिटांच्या कामासाठी टाइल फोडावी लागते.

आर्म एका पान्याने किंवा पकडीने घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने हेडची नट फिरवा. दोन्हीकडे मध्ये जाड कापड ठेवा, म्हणजे क्रोमवर ओरखडे येणार नाहीत. खालून वर पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. तरी हललं नाही तर सांध्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून तासभर ठेवा, कारण बहुतेक वेळा क्षारांनीच ते धरून ठेवलेलं असतं. मग त्यावर गरम पाणी ओता आणि पुन्हा प्रयत्न करा. गंज दिसत असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर राहू द्या. प्लास्टिकच्या भागांवर मात्र ते तेल नको.

छिद्रांत पांढरा थर बसला आहे. तो काढायची खात्रीची पद्धत कोणती?

तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यांतला काही भाग घट्ट होऊन बाहेर पडतो, आणि आंघोळीनंतर छिद्रांच्या तोंडाशी राहिलेला थेंब सुकला की उरलेलाही तिथेच चिकटतो. म्हणून गरम पाण्याच्या शॉवरवर थर लवकर चढतो. एक लिटर पाण्यात 180 मिलिग्रॅमहून जास्त क्षार असतील तर ते पाणी अतिजड मानतात. अशा घरात वर्षभर हेडकडे पाहिलंच नाही, तर अर्धी छिद्रं बुजलेली सापडतात.

हा थर घासून निघत नाही, सौम्य आम्लात विरघळतो. घरगुती व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असतं, तेवढं पुरे. हेड काढून, सुटे होणारे भाग सुटे करून, तोंड खाली करून कोमट व्हिनेगरमध्ये बुडवा. बारीक बुडबुडे येऊ लागतील. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे थर विरघळतो आहे. अर्ध्या तासाने बाहेर काढा, टूथब्रशने घासा आणि आतल्या बाजूने वाहतं पाणी सोडून धुवा. थर जाड असेल तर आणखी अर्धा तास ठेवा.

बुडबुडे थांबले आणि थर अजून दिसतो, तर त्याचे दोन अर्थ होतात. एक तर आम्ल संपलं, नवीन व्हिनेगर घ्या. नवीन घेऊनही बुडबुडे येत नसतील तर तो थर क्षारांचा नाही. तो गंज, वाळू किंवा चिकट शेवाळासारखा मळ असेल, आणि तो ब्रशने आणि साबणानेच काढावा लागेल.

व्हिनेगरचा वास नको असेल तर सायट्रिक ॲसिडची पूड वापरा, ज्याला लिंबूसत्त्व म्हणतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे. इथे उकळतं पाणी घेण्याचा मोह टाळा. तापमान वाढलं की कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं, आणि एक थर काढताना दुसरा बसायचा. शिवाय प्लास्टिकचं हेड उकळत्या पाण्यात वाकडं होऊ शकतं.

हेड निघतच नसेल तर?

जागेवरच करता येतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरा, हेडचं तोंड त्यात पूर्ण बुडेल अशी पिशवी लावा आणि वरून रबर बँडने किंवा दोरीने बांधा. पिशवी गच्च भरू नका, बुडबुड्यांना जागा लागते. खालची फरशी किंवा कट्टा संगमरवराचा असेल तर आधी त्यावर पाणी ओता आणि बादली ठेवा. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, व्हिनेगरचे थेंब पडले की त्यावर निस्तेज डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत.

व्हिनेगरने शॉवरची चकाकी जाते का?

चांगल्या क्रोमला अर्धा-एक तास व्हिनेगर लागलं तर काही होत नाही. सोनेरी, काळा मॅट, ब्राँझ किंवा निकेलचा मुलामा असेल तर जपायला हवं. तिथे व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळा, दहा-पंधरा मिनिटांत काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. मुलामा आधीच कुठे उडालेला असेल तर आम्ल त्याच्याखाली शिरून पापुद्रे काढतं. अशा हेडला फक्त रबरी छिद्रं बोटाने चोळणं आणि साबणपाणी एवढंच ठीक. रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, तो मला पटत नाही. आत रबराच्या ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल कड्या असतात, आणि अर्ध्या तासात जे काम होतं त्यासाठी त्यांना रात्रभर आम्लात ठेवण्याचं कारण नाही.

मग टॉयलेट साफ करायचं ॲसिड लावलं तर पटकन होईल ना?

नको. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. थरासोबत ते क्रोम आणि त्याखालचं पितळही खातं. आणि ही ओळ प्रत्येकाने लक्षात ठेवावी: कोणतंही आम्ल, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचसोबत कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसांना गंभीर इजा करू शकतो. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये सगळं स्वच्छ धुऊन.

छिद्रं सुईने मोकळी करू का?

सिलिकॉनच्या मऊ टोकांचं हेड असेल तर सुईची गरजच नाही. पाणी चालू ठेवून अंगठ्याने प्रत्येक टोक चोळा, क्षारांचा कण आपोआप सुटतो. ही टोकं त्यासाठीच मऊ ठेवलेली असतात. सुईने ती फाटतात. धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या छिद्रांसाठी आधी व्हिनेगर, मग लाकडी टूथपिक. सुईने छिद्र किंचित मोठं किंवा वाकडं झालं की तिथली धार कायमची बिघडते.

एक-दोन धारा तिरक्या उडतात, पार भिंतीवर जातात. का?

ते छिद्र अर्धं बुजलं आहे. वरच्या पद्धतीने तेवढंच साफ करा.

हेडच्या आत जाळी असते म्हणतात. ती कुठे?

हेड आर्मवर जिथे बसतं त्या तोंडात डोकावून पाहा. रबरी वॉशर दिसेल, आणि बहुतेक वेळा त्याखाली किंवा त्याच्याच सोबत बारीक जाळी असते. हँड शॉवरला ती नळीच्या टोकाच्या वॉशरमध्ये असते. पाण्यासोबत आलेली वाळू, गंजाचे कण, टेफ्लॉनचे तुकडे हे सगळं ती अडवते. टाकी धुतल्यावर किंवा पाइपाचं काम झाल्यावर शॉवर एकदम मंदावला तर जवळपास नेहमी हीच जाळी भरलेली असते.

जाळी चिमट्याने अलगद काढा, उलट बाजूने पाण्याखाली धरा आणि परत बसवा. पाणी मोकळं वाटतं म्हणून ती काढून टाकू नका, नाहीतर तोच कचरा छिद्रांत जाऊन बसतो आणि तिथून काढणं फार कठीण. इमारतीत पाइपाचं काम झालं असेल तर एक सवय लावून घ्या: पहिलं पाणी हेड काढून, उघड्या आर्ममधून सोडायचं. गढूळ पाणी निघून गेलं की मग हेड लावायचं.

हेड नवं, छिद्रं स्वच्छ, तरी जोर नाही. वरच्या मजल्यावर असं का होतं?

कारण पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. पाणी टाकीतून नुसतं उताराने येत असेल, तर टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवर हेडच्या वर जितकी असेल तितकाच दाब मिळतो. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हा फरक दोन-तीन मीटरच असतो, म्हणजे दाब 0.2 ते 0.3 बार. मोठ्या, पसरट रेन शॉवरना अनेकदा 1 बारच्या आसपास दाब लागतो. तो नसेल तर पाणी पावसासारखं पडण्याऐवजी मधल्या छिद्रांतून ओघळतं. त्या शॉवरमध्ये दोष नसतो, तो त्या जागेचा नसतो एवढंच.

उपाय तीन. सगळ्यांत स्वस्त म्हणजे लहान तोंडाचं, कमी दाबासाठी बनवलेलं हेड लावणं. कमी दाबाच्या घरात रेन शॉवरचा हट्ट सोडून छोटं हेड लावलं की आंघोळ खरोखर सुधारते, हे मी अगदी खात्रीने सांगतो. दुसरं, वाटेतले अडथळे काढणं: अर्धवट उघडे कॉक, नको तितके एल्बो (पाइपाची काटकोनी वळणं), मध्येच बारीक झालेला पाइप. पाइप बारीक असला की आतल्या घर्षणात दाब झपाट्याने वाया जातो. तिसरा उपाय प्रेशर पंप. तो चांगलं काम करतो, पण आधीचे दोन करून पाहिल्यावरच. जुन्या पाइपांवर अचानक दाब वाढला की जे सांधे आजवर कसेबसे टिकले होते ते गळायला लागतात.

हेडमधला फ्लो रिस्ट्रिक्टर काढून टाकला तर पाणी वाढेल का?

वाढेल, पण काढायचा की नाही हे तुमच्या दाबावर ठरवा. रिस्ट्रिक्टर म्हणजे हेडच्या तोंडात बसवलेली, मधोमध बारीक भोक असलेली प्लास्टिकची चकती. चांगल्या दाबावर पाणी उगाच वाहू नये म्हणून ती असते. अमेरिकेत 1994 पासून शॉवर हेडला मिनिटाला 2.5 गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरची कमाल मर्यादा आहे, पण ती 80 पीएसआय, म्हणजे साधारण 5.5 बार दाबावर मोजलेली. दाब आणि प्रवाह सारख्या प्रमाणात बदलत नाहीत: दाब चौपट झाला तर प्रवाह दुप्पट होतो. त्यामुळे तीच साध्या भोकाची चकती 0.3 बारच्या पाण्यावर लावली तर मिनिटाला जेमतेम सव्वादोन लिटर पाणी देईल. अशा घरात ती काढणं रास्त आहे. दाब चांगला असेल तर राहू द्या. पाणी वाचतं, ते तापवायची वीज किंवा गॅसही वाचतो. काही ठिकाणी ती काढायला नियमाने मनाई असते, तेवढं आधी पाहून घ्या.

शॉवर बंद केला तरी ठिबकत राहतो. हेड बदलू का?

बहुधा नाही. हेड हे फक्त पाण्याचं बाहेर पडायचं तोंड आहे, पाणी बंद करायचं काम ते करत नाही. ते काम नळाचं.

आधी हे बघा की ठिबकणं किती वेळ चालतं. मोठ्या हेडमध्ये आणि आर्ममध्ये थोडं पाणी अडकून राहतं. बंद केल्यावर काही मिनिटं ते थेंब थेंब पडतं, कधी अर्ध्या तासाने अचानक एक गचका येऊन पाव पेला पाणी पडतं आणि थांबतं. याला दुरुस्ती लागत नाही. हेड जरा तिरकं केलं की ते लवकर रिकामं होतं. छिद्रांवर क्षार असतील तर पाणी जास्त वेळ अडकतं, त्यामुळे साफसफाईने हेही कमी होतं.

तासाभरानंतरही ठराविक तालात थेंब पडत असतील तर नळ पूर्ण बंद होत नाही. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला 21 लिटरहून जास्त पाणी जातं. थेंब कोमट आहे का ते हातावर घेऊन पाहा, म्हणजे गरम बाजू गळते की गार ते कळेल.

पुढचं काम नळाच्या प्रकारावर आहे. नळ तीन-चार वेढे फिरवून बंद होत असेल तर आत रबरी वॉशर आहे. तो झिजतो, कडक होतो, कधी त्याचे काळे तुकडे पाण्यात दिसतात. अशा वेळी लोक नळ अधिकाधिक आवळतात. त्याने वॉशर चिरतो आणि तो ज्या कडेवर टेकतो ती पितळी कडही खराब होते. नळ पाव किंवा अर्ध्या वेढ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज आहे. त्यात वॉशर बदलता येत नाही. वाळूचा कण अडकला असेल तर काढून धुतल्यावर चालतं, चकतीवर चरा पडला असेल तर कार्ट्रिज बदलायचं.

काम सुरू करण्याआधी मुख्य कॉक बंद करा, खालचा नळ उघडून पाइप रिकामा करा आणि फरशीच्या जाळीवर फडकं टाका. छोटे स्क्रू नेमके तिथेच जातात. प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो घ्या. जुना वॉशर किंवा कार्ट्रिज सोबत नेऊनच नवीन घ्या. दिसायला सारखी, पण दात्यांची संख्या किंवा लांबी वेगळी असलेली कार्ट्रिज पुष्कळ असतात.

हेड आणि आर्मच्या सांध्यातून पाणी उडतं. टेफ्लॉन टेप किती आणि कशी गुंडाळायची?

आधी हेडच्या आत रबरी वॉशर आहे का ते बघा. असेल तर पाणी अडवायचं काम तोच करतो. वॉशर बदलला की गळती थांबते, टेप लागत नाही. उलट भाराभर टेप लावली तर हेड पूर्ण आत बसत नाही, वॉशर टेकत नाही, आणि गळती तशीच राहते.

वॉशर नसेल, आट्यांवरच सांधा घट्ट होत असेल, तर टेप हवी. जुनी टेप नखाने आणि ब्रशने पूर्ण काढा. आट्यांचं टोक तुमच्याकडे धरा आणि घड्याळाच्या दिशेने, ताणून, तीन-चार वेढे द्या. उलट दिशेने गुंडाळली तर हेड फिरवताना टेप उलगडून गोळा होते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे टेपचे धागे पाण्यात जाणार नाहीत. हाताने घट्ट करा, मग पान्याने फार तर पाव वेढा. प्लास्टिकच्या हेडला पाना लावूच नका, तडा जातो.

आटे बसताना अडखळत असतील तर थांबा. शॉवरचे आटे बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाचे, म्हणजे बाहेरून मोजल्यावर सुमारे 21 मिलिमीटर. पण ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी या दोन पद्धतींमध्ये आट्यांचा कोन वेगळा असतो. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला 14 आटे असल्यामुळे ते एकमेकांवर चढतात, बसल्यासारखे वाटतात आणि नंतर गळतात. परदेशातून आणलेलं हेड लावताना हे आठवावं.

हँड शॉवरची नळी गळते. दुरुस्त होते का?

टोकाच्या नटपाशी गळत असेल तर होते: आतला चपटा वॉशर बदला. तिथे टेप लावून काही होत नाही. मधूनच, स्टीलच्या वेटोळ्यांतून पाणी येत असेल तर आतली रबरी नळी फाटली आहे, नळीच बदला. नळीच्या दोन टोकांपैकी निमुळती नट हँड शॉवरच्या बाजूला येते, कारण तीच भिंतीवरच्या हुकात बसते. मुख्य नळ चालू ठेवून फक्त हातातल्या बटणाने पाणी बंद करायची सवय असेल तर ती मोडा. नळीवर सतत दाब राहतो आणि ती लवकर जाते.

शॉवर लावला तरी निम्मं पाणी खालच्या नळातून येतं.

हा डायव्हर्टरचा दोष. पाणी खाली सोडायचं की वर, हे ठरवणारा तो भाग. त्यातली ओ-रिंग झिजली किंवा कण अडकला की तो पूर्ण वळत नाही. मुख्य पाणी बंद करून त्याची मूठ आणि आतला दांडा बाहेर काढा, क्षार व्हिनेगरने काढा आणि ओ-रिंग बदला. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली किंवा मशीनचं तेल नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. ओढून वर धरायचा डायव्हर्टर कमी दाबाच्या पाण्यावर आपोआप खाली पडतो. त्याला पाण्याचा दाबच वर धरतो, त्यामुळे तिथे दुरुस्तीपेक्षा फिरवायचा डायव्हर्टर बसवलेला बरा.

हेड सतत खाली मान टाकतं.

हेड ज्या गोल सांध्यावर फिरतं त्या बॉल जॉइंटची नट थोडी आवळा. तरी थांबत नसेल तर आतली रिंग झिजली आहे. लांब आर्मवर जड रेन शॉवर लावला असेल तर प्रश्न जॉइंटचा नसून वजनाचा आहे. भिंतीला किंवा छताला आधार द्या, नाहीतर भिंतीतल्या सांध्यावर रोज ताण येतो.

शॉवरच्या भिंतीच्या पलीकडे ओल आली आहे. शॉवरमुळेच आली हे कसं कळणार?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका, आणि घाईने टाइलही फोडू नका. नळापासून वर शॉवरपर्यंतच्या पाइपात फक्त शॉवर चालू असतानाच पाणी असतं. नळाच्या आधीच्या पाइपात ते चोवीस तास दाबाखाली असतं. म्हणून दोन-तीन दिवस शॉवर न वापरता बादलीने आंघोळ करा, पाणी त्या भिंतीवर उडू देऊ नका. ओल सुकायला लागली तर दोष वरच्या भागात किंवा टाइलच्या सांध्यांत आहे. तशीच राहिली तर मागच्या दाबाच्या पाइपात.

वरच्या भागातला दोष पक्का करायला हेड काढून आर्मच्या तोंडावर अर्ध्या इंचाची कॅप बसवा, नळ उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बाहेर एक थेंबही पडत नाही, भिंतीवर पाणी उडत नाही, तरी ओल वाढली किंवा फ्लँजच्या (आर्मभोवती भिंतीला टेकलेल्या चकतीच्या) मागून पाणी झिरपलं तर गळती आर्मच्या आतल्या सांध्यात आहे. आर्म काढून, टेप नव्याने लावून ती अनेकदा थांबते. ओल वाढली नाही तर पाणी टाइलच्या भेगांतून जात होतं, तिथे ग्राउट आणि सिलिकॉन भरायचं. भिंतीच्या आतला पाइपच फुटला असेल तर प्लंबर बोलवा. या चाचण्या केलेल्या असतील तर त्याला अख्खी भिंत फोडावी लागत नाही.

शॉवर चालू असताना शिट्टी वाजते, बंद करताना पाइप धाडकन वाजतो.

शिट्टी म्हणजे पाणी एखाद्या अरुंद जागेतून जोराने जातं आहे: क्षारांनी भरलेलं हेड, सैल वॉशर किंवा अर्धवट उघडा कॉक. बंद करतानाचा धडाका वेगळा. वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा धक्का पाइपाला बसतो. पाव वेढ्याचे नळ हळू बंद करा आणि हलणाऱ्या पाइपांना क्लॅम्प लावून घ्या. वारंवार होत असेल तर दाब फार आहे, प्रेशर पंपाची सेटिंग कमी करून घ्या.

मध्येच गार, मध्येच गरम पाणी येतं.

गरम आणि गार पाणी वेगवेगळ्या दाबाने येत असेल तर घरात कुणी दुसरा नळ उघडताच मिश्रण बिघडतं. दोन्ही बाजूंचे कॉक थोडे थोडे बंद करून दाब जुळवून पाहा. कायमचा उपाय म्हणजे दाब जुळवणारा किंवा थर्मोस्टॅटचा मिक्सर. इन्स्टंट गॅस गीझर असेल तर तो ठराविक प्रवाहाखाली विझतो, त्यामुळे क्षारांनी बुजलेलं हेडसुद्धा पाणी गार पडायचं कारण असू शकतं. आणि गॅस गीझर हवा न खेळणाऱ्या बाथरूममध्ये बसवलेला असेल, तर शॉवरची दुरुस्ती बाजूला ठेवून आधी तो तिथून हलवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने आंघोळ करताना माणसं दगावली आहेत.

हेडवर काळा किंवा गुलाबी चिकट थर येतो. तो क्षारांचा आहे का?

नाही, तो जिवाणूंचा आणि बुरशीचा असतो. गुलाबी थर बहुधा सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा, जो ओलाव्यात आणि साबणाच्या मळावर वाढतो. 2009 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी शॉवर हेडच्या आतल्या थराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात मायकोबॅक्टेरिया गटातले काही जिवाणू पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आढळले. निरोगी माणसाने याने घाबरून जायचं कारण नाही. घरात फुफ्फुसांचा आजार असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर मात्र हेड उघडून नियमित साफ करा: भांड्यांचा साबण, ब्रश, भरपूर पाणी, आणि मग पूर्ण कोरडं करणं. फार जुनं आणि न उघडणारं हेड असेल तर बदललेलं चांगलं.

शॉवरला लावायचं फिल्टर बसवलं तर क्षार थांबतील?

बहुतेक फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम काढायला आयन बदलणारा सॉफ्टनर लागतो, आणि तेवढं पाणी हाताळेल असा तो हेडच्या मागच्या छोट्या डबीत मावत नाही. त्यात दाब आधीच कमी असेल तर फिल्टरने तो आणखी कमी होईल.

विजेवर पाणी तापवणारा शॉवर मी उघडू का?

बाहेरचं तोंड साफ करायचं असेल तर एमसीबी पाडूनच. आतलं काही उघडायचं असेल, किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर लगेच एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. इथे घरगुती प्रयोग नकोत.

हेड किती दिवसांनी साफ करावं? आणि घर बरेच दिवस बंद राहिलं असेल तर?

जड पाणी असेल तर दर तीन महिन्यांनी, मऊ पाणी असेल तर सहा महिन्यांनी. मऊ टोकं आठवड्यातून एकदा अंगठ्याने चोळली तर हे अंतर वाढतं.

बंद घराचं वेगळं. लिजिओनेला हा जिवाणू 20 ते 45 अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासात जातो. परत आल्यावर लगेच शॉवरखाली उभं राहू नका. गीझर 60 अंशांपर्यंत तापू द्या. हँड शॉवर असेल तर त्याचं तोंड बादलीच्या तळाशी ठेवा, भिंतीवरचं हेड असेल तर त्यावर ओलं फडकं बांधा, म्हणजे तुषार उडणार नाहीत. खिडकी उघडा, आधी गरम आणि मग गार पाणी काही मिनिटं वाहू द्या, आणि तेवढा वेळ स्वतः बाथरूमच्या बाहेर थांबा. हे पाणी बादलीत धरलं तर शौचालयात ओतायला चालतं.